आतून टोचणारी अंगठी

आई मला रोज सकाळी चोर म्हणायची.

चहाचे दोन घोट झाले की तिच्या डाव्या हाताचा अंगठा करंगळीशेजारच्या बोटाकडे जायचा, तिथली अंगठी फिरवायला. अंगठी नसायची. मग ती मान वर करून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "दे. झोपेत काढून घेतलीस ना?" बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, लोकांच्या पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्याच स्वयंपाकघरात आरोपी होऊन उभी राहिले.

अंगठी मी घेतली नव्हती, पण होती माझ्याकडेच. त्याचं असं झालं, आई न्हाणीघरात पडली, पाय मोडला. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलेला हात फुगला, आणि बोट निळं पडायला लागलं तेव्हा नर्सनं अंगठी कापून काढली. गोळ्या देतात तसल्या कागदी पुडीत घालून ती माझ्या हातात ठेवली. साधी चांदीची अंगठी, ना खडा ना नक्षी, लग्नात बाबांनी घातलेली. पुढे आईचा पाय बरा झाला, हाताची सूज उतरली. डोकं मात्र दवाखान्यातून पुरतं घरी आलंच नाही. आधीपासून थोडं निसटत होतं, आता भराभर निसटायला लागलं. वार, शेजारीण, दादाची मुलं, सगळी एकेक करून गळाली. अंगठी तेवढी पक्की लक्षात.

मी तिला पुडी उघडून दाखवलीही होती. "बघ ना आई, कापावी लागली." तिनं ते तोंड वासलेलं वळं उलटसुलट केलं, "ही मोडकी कुणाची?" म्हणाली आणि बशीत टाकून दिलं.

म्हणजे जोडून बोटात घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. खरं सांगायचं तर मला तिच्या समाधानापेक्षा माझीच काळजी जास्त होती. दादा परगावी, मी एकटी, लग्न केलेलं नाही. या जगात मला मुलगी म्हणणारं एकच माणूस उरलं होतं आणि ते मला चोर म्हणत होतं. अंगठी परत बोटात गेली की आपणही परत तिच्या डोक्यात जागेवर येऊ, असा माझा हिशेब होता.

तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दोघांनी लगेच नव्या अंगठ्यांचे ट्रे पुढे सरकवले. तिसरा म्हातारा सराफ होता. त्यानं डोळ्याला भिंग लावून अंगठी आतून पाहिली, नखानं काहीतरी खरवडलं आणि परत दिली. "याला आम्ही आग लावत नाही, बाई. नवी करून घ्या." का, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. यालाही विकायचीच आहे, असं मनाशी ठरवून मी तरातरा बाहेर पडले.

त्याच रस्त्यावर एका जिन्याच्या तोंडाशी पाटी होती. दागिने स्वतःच्या हातांनी घडवायला शिका, दर शनिवारी सकाळी, बारा आठवडे. मी तशीच वर गेले आणि नाव घातलं. कुणाच्या पाया पडण्यापेक्षा स्वतः शिकलेलं बरं, हा माझा जन्माचा हेका.

वर्गाची खोली पूर्वी शिंप्याची असावी. फटींमध्ये अजून दोऱ्याचे तुकडे होते. खिडकीखाली लांब टेबल, प्रत्येकाच्या पुढ्यात कडेला ठोकलेली लाकडाची जीभ, तिच्यावर धातू टेकवून कापायचा, आणि खाली चुरा झेलायला चामड्याची झोळी. शिकवणारा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झालेली. मी त्याला मास्तर म्हणायला लागले, जरा खवचटपणानंच. त्यानं ते सरळ घेतलं, त्यामुळे मजा गेली.

माझ्या शेजारी दातांचा एक डॉक्टर बसायचा. हौस म्हणून आलेला. "हे दातांपेक्षा सोपं हो, बाई," म्हणायचा. "ओरडत नाही."

भिंतीवर एकच नियम लिहिलेला होता, तोही खडूनं: जुना दागिना मला दाखवल्याशिवाय आगीत जाणार नाही. पहिल्याच दिवशी मास्तरनं तो वाचून दाखवला. "जुन्या वस्तूत काय काय भरलेलं असतं, ते वरून दिसत नाही. आठ शनिवार तांबं आणि पितळ. नवव्या शनिवारी घरचं काही असेल तर आणा, आपण मिळून बघू." मी मान डोलावली. पिशवीत पुडी होती.

पहिल्या शनिवारी मी करवतीची अकरा पाती मोडली. केसाएवढं पातं, जरा तिरकं झालं की तुटतं. मास्तर पाठीशी येऊन म्हणायचा, "ढकलू नका बाई. ते आपलं आपण जातं." मला जन्मात कुणी 'ढकलू नका' म्हटलेलं नव्हतं. उलट मीच ढकलून ढकलून अर्ध्या गावाला दहावी पास केलं होतं. कान लाल झाले, पण गप्प बसले, आणि घरी येऊन आईच्या औषधांच्या डब्यावर राग काढला.

चौथ्या शनिवारी जोडकाम आलं. तांब्याची पट्टी वाकवून वळं करायचं, दोन्ही टोकं अशी भिडवायची की मधून उजेड दिसता कामा नये. सांध्यावर टाकणखाराचं पाणी लावायचं, म्हणजे आगीत तो काळा पडत नाही, आणि डाकेची बारीक कणी ठेवायची. डाक म्हणजे जोडायची चांदी, नुसत्या चांदीच्या जरा आधी वितळते. मग ज्योत सगळ्या वळ्यावरून फिरवत राहायची.

"बघत राहा," मास्तर म्हणाला. "डाक वितळली की सांध्यावरून एक चमक धावते. पाण्यासारखी. ती दिसली की ज्योत काढायची. आधी नाही, नंतर नाही."

माझ्या वळ्यावर चमक धावली. डॉक्टरचं वळं उघडंच राहिलं. मला इतका आनंद झाला की मी ते गरम गरमच उचलायला गेले आणि बोट पोळून घेतलं. घरी येऊन आईला दाखवलं. तिनं ते डोळ्यांजवळ धरलं. "पडद्याची कडी?" म्हणाली. मी हसले, तीही हसली. त्या दिवशी तिनं मला एकदाच चोर म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी दादाचा फोन आला. मी फोन आईच्या कानाला लावला. ती बराच वेळ ऐकत राहिली, मग हात आडवा धरून मला म्हणाली, "कोण हे गृहस्थ? आवाज चांगला आहे." पलीकडे दादानं ते ऐकलं. तो म्हणाला, "लाइन खराब आहे बहुतेक," आणि फोन ठेवला.

मला गणित मांडायला वेळ लागत नाही. आधी शेजारीण गेली, मग नातवंडं, आता दादा. पुढचा नंबर माझा. नवव्या शनिवारपर्यंत थांबायला माझ्याकडे शनिवार नव्हते.

मास्तरला का दाखवली नाही, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. कारण तोही त्या सराफासारखा 'आग लावत नाही' म्हणाला असता तर माझ्याकडे चौथं दुकान नव्हतं. आणि दुसरं म्हणजे मला येत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

सहाव्या शनिवारी मास्तर गॅसची टाकी उतरवून घ्यायला खाली गेला. मी पुडी उघडली. दवाखान्यात कापलेल्या जागेत चांदीचा बारीक तुकडा बसवायचा होता, कारण बोटाचं पेर अजून जाड होतं. तुकडा मी दोन आठवडे कानशीनं घासून तयार ठेवला होता. अंगठीच्या आत, कापाच्या बरोबर समोरच्या बाजूला, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा एक करडा फुगवटा होता. मला तो घरीच दिसला होता. इतक्या वर्षांचा भांड्यांच्या साबणाचा मळ साचून दगड झाला असेल, असं समजून मी तो टूथपेस्टनं घासलाही होता. गेला नाही, तेव्हा म्हटलं, आगीत जाईल.

"दाखवलीत का त्यांना?" डॉक्टरनं विचारलं.

"दाखवलीय," मी म्हटलं. वर्गात इतकी वर्षं मी पोरांना बजावत आले, पायऱ्या दाखवा, नुसतं उत्तर लिहिलंत तर शून्य. आणि इथे सरळ पायरी खाऊन मोकळी झाले.

टाकणखार लावला. दोन सांधे, दोन कण्या. ज्योत फिरवायला लागले. अजून अंगठी लालही झाली नव्हती तोच चमक धावली. पाण्यासारखी, अगदी मास्तर म्हणाला होता तशी. पण धावली ती भलत्याच बाजूनं, सांध्यांच्या समोरून. ज्योत काढायची तीच वेळ होती. पण सांधे अजून उघडे होते आणि मला वाटलं, झालं, जमलं, आता थोडंच राहिलं. मी ज्योत वाढवली.

सांधे जुळले. फार सुंदर जुळले, मी आजवर केलेले सगळ्यात चांगले. आणि चिमट्यानं अंगठी उचलली तर अर्धीच वर आली. समोरची बाजू ज्योतीखालच्या विटेवर राहिली होती, चहात भिजलेल्या बिस्किटासारखी, भोकं भोकं पडून. तिला चिमट्याचं टोक लावलं तर तिचा भुगा झाला.

मास्तर वर आला तेव्हा मी भुग्याकडे बघत बसले होते. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्यानं भिंग लावून एक कण पाहिला.

"शिसं," तो म्हणाला. "आतून कुणीतरी शिसं-कथील वितळवून डाग देऊन जोडली होती. थंड असतं तोवर बिचारं गप्प बसतं. चांदीइतकं तापवलं की चांदीच खात सुटतं."

"काही करता आलं असतं?"

त्यानं भिंग उतरवून टेबलावर ठेवलं. "आग न लावता जोडता येते, बाई. बारीक खिळे ठोकून. मी करून दिली असती."

"हा डाग कुणी दिला असेल? सोनारानं?"

"सोनार जन्मात देणार नाही. हे रेडिओवाल्यांचं काम."

माझ्या बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं.

घरी कशी आले ते मला आठवत नाही. बाबांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती, आणि त्या एकवीस वर्षांत मी त्यांच्याबद्दल एकही मऊ शब्द काढला नव्हता. फार तुटक माणूस. आईशी त्यांचं बोलणं मला आठवतं ते 'वाढ' आणि 'दिवा घालव' एवढंच. लग्न म्हणजे हे असं, अशी माझी लहानपणीच पक्की समजूत झाली, आणि स्थळं यायला लागली तेव्हा मी प्रत्येकाला नाही म्हटलं. त्यात मला अभिमानसुद्धा होता.

मी दादाला फोन केला आणि विचारलं, आईची अंगठी कधी मोडली होती का.

"तू मावशीकडे गेली होतीस त्या सुट्टीत," दादा म्हणाला. "कशावरून जुंपली होती कोण जाणे. आईला अंगठी काढून फेकायची होती, बोटातून निघेना. मग बाबांचीच पकड घेतली, अंगठी तोडली आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही."

"मग?"

"मग काय. तिसऱ्या दिवशी मी डबा द्यायला गेलो तर दुकान बंद, आणि बाबा आत बसून ती जोडतायत. सोनाराकडे न्यायची लाज वाटली असेल. त्यांना रेडिओचंच काम यायचं. डाग धरेना, परत परत करत होते. रडत होते गं."

"बाबा?"

"बाबा."

"हे मला कधी सांगितलं नाहीस, दादा."

"तू बाबांबद्दल कधी काही विचारलंस?"

फोन ठेवून मी आईच्या खोलीत गेले. ती झोपली होती, हात पांघरुणाबाहेर. अंगठीच्या बोटाला आतल्या बाजूनं एक बारीकसा खळगा होता. तो फुगवटा तिला अठ्ठेचाळीस वर्षं टोचत होता. कुठल्याही सोनारानं पाच मिनिटांत घासून दिला असता. तिनं तो कधी घासून घेतला नाही. ती अंगठी फिरवायची ते तो फुगवटा बोटाला लागावा म्हणून. त्या दोघांच्यात जे काही होतं ते तेवढ्या एका दाण्यात होतं, आणि मी टाकणखार लावून ते जाळून आले होते. मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

पुढच्या शनिवारी मी वर्गात गेले. तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण दुसरा उपाय नव्हता. उरलेली अर्धी अंगठी वितळवून नवी करू, असं मी म्हटलं, तर मास्तरनं मान हलवली. शिसं लागलेली चांदी दुसरीत मिसळली की तिलाही नासवते. तो अर्धा तुकडा त्यानं कागदात गुंडाळून परत माझ्या पिशवीत ठेवला. मी नव्या चांदीची पट्टी घेतली. जुन्या तुकड्यावरून रुंदी मोजली, जाडी मोजली, झिजलेली कडसुद्धा तशीच घासून काढली. चार शनिवार लागले. या वेळी प्रत्येक पायरी मास्तरला दाखवली. डॉक्टरनं हातात घेऊन पाहिली आणि या खेपेला विनोद केला नाही.

सकाळी चहाच्या वेळी मी ती आईच्या बोटात घातली. ती चमकली, खुलली. अंगठ्यानं फिरवली, एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. मग तिचा चेहरा पडला.

"टोचत नाही," ती म्हणाली. "ही माझी नाही." अंगठी काढून तिनं बशीत टाकली. "चोर ती चोर, वर दुसऱ्या कुणाची तरी आणून देतेस."

चूक माझीच होती. उत्तर ठाऊक असून मी आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत केली होती. पुढच्या शनिवारी मी मास्तरला म्हटलं, "आतून शिशाचा एक थेंब लावून द्या." त्यानं हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी काहीही केलं असतं. पण शिसं या खोलीत येत नाही."

कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्त करणारा बसतो. त्याच्याकडे गेले. आधी त्याला वाटलं मी थट्टा करतेय. "अंगठीला? सोल्डर?" मी जागा दाखवली. त्यानं तार टेकवली, धुराची एक रेघ निघाली, थेंब बसला. मी बोटानं चाचपून पाहिलं. "अजून थोडं," मी म्हटलं. "टोचलं पाहिजे." त्यानं आणखी एक थेंब दिला आणि पुढचा फोन उघडला.

घरी आले तर आईला ताप भरला होता. नऊ दिवस ती गुंगीत होती. मी अंगठी साडीच्या पदराला बांधून तिच्या उशाशी बसले. नऊ दिवस तिनं डोळे उघडून मला चोर म्हणावं म्हणून वाट पाहिली. असली वाट कुणी पाहत असेल असं मला वाटत नाही.

दहाव्या दिवशी ताप उतरला. अकराव्या दिवशी सकाळी तिला उशीला टेकवून बसवलं, चहा दिला. तिनं कप घेतला. "बसा ना," मला म्हणाली. "उभ्या का?"

मी बसले. गाठ सोडून अंगठी तिच्या तळहातावर ठेवली. "घालून बघ, आई."

तिनं ती भिडस्तपणे बोटात घातली, परक्याच्या घरी एखादी वस्तू हातात दिली की आपण घेतो तशी. अंगठ्यानं फिरवली. एकदा फिरवली, आणि दुसऱ्यांदा फिरवताना तिचा अंगठा थांबला.

"टोचते हो," ती म्हणाली. "आतून काहीतरी राहिलंय. ज्यानं केली त्याच्याकडून घासून घ्या." तिनं अंगठी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि वरून माझी बोटं मिटली. "आणि जपून ठेवा. माझी होती एक अशीच. माझ्या मुलीनं नेली."

"हो," मी म्हटलं. "तिनंच नेली."

आईनं चहाचा घोट घेतला. मग दुसरा घेतला, मग तिसरा. तिचा अंगठा जागचा हलला नाही.